विहिरीकडचं ग्रीन

८ जानेवारी
सकाळी चहा, दीड भाकरी, मुगाचं वरण. गोळी दिली. दुपारी झोप नाही. ओ. ना.

हे वरचं डॉक्टरांसाठी. साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, काय खाल्लं, किती झोपले, कुणाला ओळखलं, रोज लिहून आणत जा. मला अक्षर येत नाही. शेजारची शोभा, माझ्या पुतण्याची बायको, अंगणवाडीत आहे. ती संध्याकाळी चहाला येते. मी सांगते, ती लिहिते. ‘ओळखलं नाही’ रोज लिहून हात दुखायला लागला म्हणून आता नुसतं ओ. ना. लिहिते. बरं झालं. पुरं लिहिलं की लय लांब वाटतं.

डॉक्टरांनी काल ह्यांना विचारलं, या बाई कोण? “मालूम नहीं साब.” नाव काय यांचं? “मालूम नहीं.” डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. म्हटलं, आवं डॉक्टर, लग्न झाल्यापासून माझं नाव कधी तोंडातनं काढलं न्हाई ह्यांनी. हाक मारायची ती अगं, ऐकलं का, बाळूची आई, एवढीच. जे कधी घेतलंच न्हाई ते इसरतील कसं? डॉक्टर हसले. मीही हसले. गाडीत बसल्यावर मग जरा…

११ जानेवारी, रविवार
बाळू येऊन गेला. मुलगा माझा. कुपवाडला त्याचं लेथचं वर्कशॉप, राहायला सांगलीत, तिसऱ्या मजल्यावर. मागच्या आठवड्यात हे परत सडकेवर जाऊन एसटीला हात करत होते. “ड्यूटी पे जाना है.” उसाच्या ट्रॉलीखाली सापडता सापडता राहिले. बाळू ठरवूनच आला होता. “आई, पाडवा होऊ दे. त्याच्या पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो, दोघं चला. दाराला कडी घातली की अण्णा जाणार कुठं?”
म्हटलं, कुठंच न्हाई. तेच तर.
त्याला कळलं नाही. त्याच्या बापाला तरी माझं बोलणं कुठं कळायचं, डोकं ठिकाणावर होतं तेव्हा.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ हातावर ठेवला. म्हटलं, आवं, आज तरी गोड बोला. “थँक्यू बहनजी.” ऐन सणात बहीण करून ठेवली मला. शोभानं तोंडाला पदर लावला. हस बाई. दुसऱ्याचा नवरा असता तर मीही हसले असते.
ओ. ना.

१६ जानेवारी
ऊन कललं की ह्यांची चलबिचल सुरू होते. आजही चप्पल घातली आणि निघाले. आडवी गेले तर ढकलतात, अंगात ताकद आहे अजून. काय सुचलं कुणास ठाऊक, कोपऱ्यातली त्यांची गोल्फची काठी आणि चेंडू उचलला आणि मी विहिरीकडं पळाले. माझ्यामागं हे.

विहिरीकडं त्यांचं ग्रीन आहे, गोल्फच्या खड्ड्याभोवती बारीक कापून राखतात तसलं गवत. लष्करात पायाला लागलं, तेव्हापासून ह्यांना छावणीच्या गोल्फ मैदानावर टाकलं होतं. गवत राखायचं, साहेब लोकांना खेळवायचं. साहेब लांबचं मारायचे, हे जवळचं. चेंडू नेऊन खड्ड्याशी बसवायचा तर हवालदारानंच, असं साहेब लोक म्हणायचे म्हणे ह्यांना. पेन्शनीत आले ते हे खूळ घेऊन. विहिरीकडचा उसाचा कोपरा मोडला आणि हरळी लावली. हरळी! सगळा गाव खुरपं घेऊन हरळीच्या मागं, आणि हा गडी ती हौसेनं लावतोय, कापतोय, लेकरासारखी भिजवतोय. मधे एक खड्डा, त्यात डबा. किती वर्षं मी त्या गवताला शिव्या दिल्या. अजून हिरवंगार आहे. शिव्यांनी हरळी मरत नाही.

तर तिथं चेंडू ठेवला आणि विटीदांडूसारखा हाणला. चेंडू विहिरीत.
हे थांबले. “अरे मुन्ना! ऐसा नहीं.” आणि मऊ आवाजात, “घाई कुणाची हाय तुला?”
मुन्ना म्हणजे तिथला कॅडी, साहेबांच्या काठ्या उचलणारा पोरगा. सुट्टीत आले की त्याच्याच गोष्टी सांगायचे गावाला. लुगड्यातला मुन्ना चालतो त्यांना. बायको चालत नाही.
दिवस मावळेपर्यंत मग कुठं गेले नाहीत. दोन भाकरी खाल्ल्या. ओ. ना.

१९ जानेवारी
आता रोज ऊन कललं की मी मुन्ना.
“पाय जवळ घे. भार डाव्या पायावर, आणि तिथंच ठेव. हात चेंडूच्या जरा पुढं. आणि चेंडू उचलाया जाऊ नको. उचलायचं काम पात्याचं.” काठीचं पातं बघितलं तर खुरप्याला लांब दांडा लावल्यासारखं. मी उचलायलाच जाते. जल्मभर जे पडलं ते उचलतच आले, एकदम कशी थांबू? पातं जमिनीत रुततं, चेंडू जागेवर, माती माझ्या तोंडात.
मग माझे हात बघून म्हणाले, “डावरा हायस का रं तू?” म्हटलं, व्हय साहेब. “अच्छा है. इथं डावा हातच म्होरक्या. उजव्यानं नुसती सोबत करायची.”
याच डाव्या हातावर सासूनं उलथनं मारलं होतं, पुरणाला डावा हात लावला म्हणून. हे तेव्हा सुट्टीवर आले होते. खाटेवर बसून बघत होते. आज म्हणतात अच्छा है.

२५ जानेवारी
“मनगट हलवतोस. सडा टाकतोस का अंगणात?” हसले मला. “खांद्यातनं हलू दे. जेवढं मागं, तेवढंच पुढं. मधी भिऊन थांबलास की चेंडूबी मधीच मरतो.”
दोन दिवस जमेना. आज एकदम बाळूचा पाळणा आठवला. दोरी मनगटानं ओढली की पोर दचकून उठायचं. खांद्यातनं ओढायची, जेवढी मागं तेवढी पुढं, आणि डोळे दुसरीकडंच. तसं केलं. चेंडू टुणकन उडाला, टेकला, आणि गोगलगायीसारखा खड्ड्याकडं निघाला.
“ये किसने सिखाया?”
म्हटलं, तुमच्या पोरानं.
कळलं नाही त्यांना. पण “शाबाश” म्हणाले. शोभा, शाबाश मोठ्या अक्षरात लिही. संसारात पहिलीच आहे ती.

२ फेब्रुवारी
विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो. म्हणाले, “मुन्ना, तेरी शादी हुई?”
व्हय साहेब.
“कशी हाय?”
घुमी हाय साहेब. आत काय चाललंय कळू देत न्हाई.
खूप हसले. “आमची मंडळी बोलती. लय तोंडाची. डावरी हाय, तुझ्यासारखी.” मग बराच वेळ चेंडू हातात फिरवत राहिले. “सुट्टीवर जातो तर दारात भाकरतुकडा घिऊन उभी आसती. सगळ्या रेल्वेत तिच्याशी बोलत जातो मी, मनात. हे सांगायचं, ते सांगायचं. दारात आई आसती, भावकी आसती. एक शब्द फुटत न्हाई. खाटेवर जाऊन बसतो.”
म्हटलं, मग?
“मग काय. सुट्टी संपती.”
विचारलं, केवढी हाय तुमची मंडळी?
“आसंल पंचविशीची.”
मी मोटर बघून येते म्हणाले आणि उठले. मोटर बंदच होती.
ओ. ना. त्यांनी. मी मात्र त्यांना आज जरा

(काकींनी इथंच थांबवलं. — शोभा)

९ फेब्रुवारी
मनात तेच घोळत होतं. आज म्हटलं, साहेब, सुट्टी काढा की. जावा घरी. वाट बघत आसंल ती.
“ग्रीन कुणावर टाकू?”
माझ्यावर.
माझ्याकडं असं बघितलं, जसं बाळूनं पहिल्यांदा ट्रॅक्टर मागितला तेव्हा बघितलं होतं. “तू शिकलास की जातो. तीन बाजूंनी तीन चेंडू. एकेकाला दोनच फटके. पयल्यानं जवळ न्यायचा, दुसऱ्यानं आत. तिन्ही जमले की माझी सुट्टी.”
ठरलं. शोभा म्हणते, काकी, खेळ हाय तो. खेळ कसला गं? नवरा घरी आणायचाय. पाडव्यानंतर तिसऱ्या मजल्यावर जाणार. तिथं कडी घातल्यावर कुठनं निघतील आणि कुठं पोचतील?

१३ फेब्रुवारी
साताऱ्याला डॉक्टर. गोळी बदलली. परत आलो तर हे असं.
शोभाच्या उसात तण काढायला भांगलणीच्या बायका होत्या. काम लवकर उरकलं. शोभा अंगणवाडीत जाता जाता सांगून गेली, काकींच्या विहिरीकडं बांधाला जरा हात मारा. बायका गेल्या आणि समोर हरळी. आमच्याकडच्या बाईला हरळी दिसली की हात थांबत नाही. माझाही थांबला नसता. अर्धं ग्रीन मुळासकट खणलं, झटकलं आणि बांधावर उन्हात वाळत टाकलं. वर थांबल्या होत्या माझ्यासाठी, घाम पुसत. “हवालदारीण काकू, जुनी हरळी व्हती, लय खोल गेलेली. उरलेली उद्या फुकट काढून देतो.” शाबासकीला उभ्या.
मी हातातली पिशवी खाली ठेवली.
मागून हे आले. बघितलं. गुडघ्यावर बसले, मातीत हात फिरवला, जसं काही चष्मा पडलाय. “साब को क्या बोलूं, मुन्ना? साब को क्या बोलूं?” आणि रडले. त्यांची आई गेली तेव्हा कोरडे होते. बाळूचा थोरला भाऊ तीन महिन्यांचा असताना गेला, तेव्हा तर गावीच नव्हते.
शोभा, लिही. स्वतःचं नाव आलं की पेन का अडलं? तुझी चूक न्हाई बाई. हरळी काढणं ही चूक आसती व्हय कुठं?

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उपास. पोटात रताळं, हातात हरळी. बांधावरची निम्मी वाळून गेली होती. गल्लीत फिरले. ज्यांनी काढली त्याच बायका डोक्यावर पाट्या घेऊन आल्या. एक म्हणते, “काकू, हरळी मागत फिरणारी पयली बाई तुमी.” म्हटलं, आगं, नवरा मागायची वेळ आली तर तोबी मागीन.
हे दाखवत होते. कांडी आडवी, डोळा मातीत, पायानं दाब, वर वाळू, मग पाणी, धार नाही, शिंपून. मी गुडघ्यावर. सासू वरनं बघत असेल तर उलथनं शोधत असेल.
खड्ड्याभोवतीची हरळी वाचली आहे. तेवढ्यावरच खेळायचं.

२४ फेब्रुवारी
“आधी वाचायचं,” म्हणाले.
मला वाचाया येत न्हाई, साहेब.
“अक्षर न्हवं रं. उतार. तळव्यानं वाच.” चप्पल काढायला लावली. हळूहळू चालवलं. उतार विहिरीकडनं खाली मेथीकडं. गवताचं तोंडही तिकडंच. तिकडं मारला की चेंडू पळतो, उलटा मारला की अडतो. पायाला खरंच कळतं.
“आता खड्ड्याकडं बघू नको. चेंडू कुठं टेकवायचा ती जागा बघ. टेकल्यावर पुढचं जमीन बघती.”
दोन जमले. तिसरा विहिरीच्या बाजूनं, उतारावरनं. पळाला तो थेट मेथीत.
एवढ्या वयात वाचायला शिकले, शोभा. तुझ्या अंगणवाडीत नाव घाल माझं.

४ मार्च
आठवडाभर लिहिलं नाही. हे उठलेच नाहीत. पेज चमच्यानं. आईला हाका मारतात. शोभालाही ओळखलं नाही. आज काठी हातात दिली तर पात्याकडनं धरली.
म्हटलं, साहेब, मी मुन्ना.
“कौन मुन्ना?”
बायको गेली तेव्हा सोसलं. आता मुन्नाही गेला?

१० मार्च
आज पेज नको म्हणाले, भाकरी मागितली. ऊन कललं तसे आपणहून उठले. खांद्याला धरून नेलं. नवीन हरळीनं मूळ धरलंय, बारीक हिरवे काटे आलेत. वाकून बघितलं. “पाणी कुणी दिलं? मुन्ना, तू?”
व्हय साहेब.
“शाबाश.”
चला. मुन्ना जिवंत आहे.

१५ मार्च, रविवार
बाळू आला. मी मारत होते ते बघत बांधावर उभा राहिला. जाताना म्हणाला, “आई, तिकडं बागेत नेऊ रोज अण्णांना.” चांगलं पोर आहे. हात धरून नेईल, हात धरून आणेल. पण त्याच्या बापाची सुट्टी त्याच्या हातात नाही.
विहिरीच्या बाजूचा अजून चुकतो. पळतोच. आणि मग मी घाबरून अर्ध्यातच काठी थांबवते.

१७ मार्च
जमले.
पहिला बांधाच्या बाजूनं. दुसरा पेरूखालनं, तो तर पहिल्याच फटक्यात डब्यात जाता जाता राहिला. तिसऱ्याला हे येऊन पाठीशी उभे राहिले. “भिऊ नको. कमी उचल, पण पुरा मार.” टेकायची जागा बघितली, एक पिवळं पान पडलं होतं तिथं. पाळणा आठवला. चेंडू पानावर टेकला, उताराला लागला, मला वाटलं गेला मेथीत, आणि गवतानं धरला. डब्यापासून हातभर. दुसऱ्या फटक्यानं आत. आवाज झाला डब्यात.
टाचा जुळवून उभे राहिले. काठी दोन्ही हातांनी मला दिली. “चार्ज तुझ्याकडं. परवा निघतो मी.”
परवा पाडवा.
शोभा, उद्या मला शिकेकाईनं न्हाऊ घाल.

१९ मार्च, पाडवा
गुढी लवकर उभारली. पुरण केलं. शोभाला ह्यांच्याबरोबर विहिरीकडं ठेवलं, तिनं पिशवी भरून दिली, टोपी घातली. मी गोठ्यामागनं घराकडं पळाले. हिरवं लुगडं, केसाला तेल, नाकात नथ. गुडघे कुरकुरतायत आणि मी नवरीसारखी पळतेय. दारात तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभी राहिले, पंचविशीत राहायची तशीच.
आले. पायरीशी थांबले. टोपी काढली. मान खाली केली, मी काही न बोलता. शरीराला ठाऊक होतं. मी भाकरतुकडा ओवाळला, टाकला, पायावर पाणी घातलं. आत आले. आता आई नाही, भावकी नाही. सगळं घर मोकळं. बोला की, मनात म्हटलं. आता बोला.
खाटेवर बसले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग मला विचारलं, अगदी अदबीनं, “मंडळी कुठं गेली?”
म्हटलं, रानात गेलीया. येईलच.
“बरं. थांबतो.”
मीही खाली बसले. दोघं वाट बघत बसलो तिची.
मागच्या दारानं आलेली शोभा चुलीपाशी रडत होती. म्हटलं, पोळी करपंल गं.
ओ. ना.

२० मार्च
आज आपणहून विहिरीकडं. मी मागनं, काठी घेऊन. मुन्नाचा चार्ज आहे.
“जाऊन आलो घरी.”
भेटली का साहेब?
“न्हाई. रानात गेलती. एक म्हातारी व्हती तिथं. चांगली व्हती बिचारी, पोळी वाढली.”
म्हातारी! नथ घातली होती मी. ऐकून घेतलं. विचारलं, आन् बोलायचं व्हतं ते?
“राहिलं.”
चेंडू ठेवला. पाय जवळ घेतले. हे मागं उभे होते.
“मुन्ना,” म्हणाले, “म्हातारीनं भाकरतुकडा डाव्या हातानं ओवाळला.”
घाईत झालं होतं, माझं मला कळलंही नव्हतं.
“डाव्यानं कोण ओवाळतंय? आमची मंडळी ओवाळती. आईचं ध्यान नसलं तरच.”
माझा डावा हात काठीवर, म्होरक्या. ते त्या हाताकडं बघत राहिले. मग तोंडाकडं. मग परत हाताकडं. वारा होता, पदर उडत होता, तो सावरायलाही मी हात सोडला नाही. हलले तर मोडेल असं काहीतरी…
“मार,” म्हणाले. हळू. मुन्नाशी बोलताना काढायचे तो आवाज नव्हता, का होता, मला ठरवता येईना.
मारला. चेंडू कुठं गेला ते दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.

परवा बाळू गाडी घेऊन येणार. हरळीच्या कांड्या ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवल्यात, काठी त्यावर. शोभा म्हणते तिसऱ्या मजल्यावर दोन पाट्या माती सहज मावेल. चेंडूला उतार कुठनं आणायचा ते बघू.

आत्ता ती पेन उघडून बसलीय. गोळी, भाकरी, झोप लिहून झालं. विचारते, “काकी, पुढं? ओ. ना.च लिहू न्हवं?”

थांब जरा.